तराफा कोणासाठी? साहित्यातली सुटका आणि आपली सांगड



विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की, साहित्यातला तराफा हे ठीक आहे, पण तो औशात कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं समुद्र नाही, बारमाही नदी नाही. तेरणा किल्लारीच्या अंगानं जाते, मांजरा लातूरच्या पलीकडं, आणि तावरजा वर्षातले किती महिने वाहते हे माझ्यापेक्षा तुम्हीच सांगाल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. जिथं पाणीच रुळावरून येतं, तिथं तराफ्याचं काय काम?

पण जरा थांबून बघा. ज्यानं जन्मात समुद्र पाहिलेला नाही असा आपला माणूस रोज संध्याकाळी हरिपाठाला बसतो आणि भवसागर, पैलतीर, तारू हे शब्द ऐकतो. कीर्तनात बुवा म्हणतात 'तरून जाल', आणि समोरचा शेतकरी मान डोलावतो. त्याच्या विहिरीत तेव्हा हंडाभर पाणी नसतं. पाण्यावरून पलीकडं जाण्याची भाषा दुष्काळी मुलखात इतकी खोल रुजली, याचा अर्थ ती पाण्याबद्दलची भाषा नाहीच. ती अडकण्याबद्दलची आणि सुटण्याबद्दलची भाषा आहे. आणि सुटका हा विषय मराठवाड्याला परका नाही.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊन बोलायचं ठरवलंय. जगाच्या साहित्यात तराफा हे सुटकेचं, स्वातंत्र्याचं प्रतीक मानलं जातं. ही सुटका कोणाची? एकट्याची, की बरोबरच्यांसकट?

आधी तराफा म्हणजे काय ते नीट बघू, कारण प्रतीकाचा अर्थ वस्तूच्या घडणीतून येतो. नाव आणि तराफा ही एकच गोष्ट नाही. नाव बांधायला सुतार लागतो, पैसा लागतो, वेळ लागतो. नावेला सुकाणू असतं, नावाडी असतो, मालक असतो. राजाचं आरमार असतं, व्यापाऱ्याचं गलबत असतं. तराफ्याचा मालक कोणी नसतो. हाताशी जे तरंगणारं सापडेल ते दोरीनं आवळलं की झाला तराफा. ओंडके, बांबू, वाळलेले भोपळे, रिकामे डबे. आपल्याकडं पूर आला की माणसं गुळाची काहील काढतात, ट्रॅक्टरची ट्यूब फुगवतात. काहील काही पाण्यात घालण्यासाठी केलेली नसते, पण त्या दिवशी तीच तारू होते. म्हणजे तराफा हे ज्याच्याकडं काही नाही त्याचं साधन आहे. त्याला दिशा फारशी देता येत नाही, प्रवाह नेईल तिकडं तो जातो. साहित्यिकाला हा तराफा आवडतो तो याच दोन कारणांसाठी. तो गरिबाचा आहे, आणि त्यावर बसलेला माणूस मोकळा असूनही प्रवाहाच्या हातात आहे.

आता जगातला सगळ्यात प्रसिद्ध तराफा घेऊ. मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' ही कादंबरी १८८४-८५ मध्ये प्रसिद्ध झाली. गोष्ट त्याच्या आधीच्या काळातली, अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हाची. हक हा दारुड्या बापाचा पोरगा. बाप त्याला कोंडतो, मारतो. हक स्वतःच्या खुनाचा देखावा करून पळतो. एका बेटावर त्याला जिम भेटतो. जिम गुलाम आहे. मालकीण आपल्याला दूर दक्षिणेत विकणार हे कानावर आलं म्हणून तो पळालाय. दोघं मिळून मिसिसिपी नदीवर तराफ्यानं निघतात. दिवसा लपायचं, रात्री वाहायचं. काठावर मारामाऱ्या आहेत, खानदानी वैरं आहेत, फसवणूक आहे. तराफ्यावर मात्र एक गोरा पोरगा आणि एक काळा माणूस शेजारी पडून चांदण्या बघतात. शंभर-सव्वाशे वर्षं वाचकांना हे दृश्य आवडत आलंय, आणि तराफा म्हणजे स्वातंत्र्य हे समीकरण पक्कं झालंय ते मुख्यतः याच पुस्तकामुळं.

पण पुस्तक नीट वाचलं तर ट्वेनच हे समीकरण मोडताना दिसतो. त्यांचा बेत असा असतो की कैरो या गावापर्यंत जायचं. तिथं ओहायो नदी मिळते. त्या नदीनं वर गेलं की गुलामगिरी नसलेली राज्यं लागतात. एका रात्री धुकं पडतं आणि कैरो कधी मागं पडलं ते कळतच नाही. त्यानंतर तराफा रोज थोडा थोडा दक्षिणेला, म्हणजे गुलामगिरीच्या आणखी पोटात जातो. हकला तराफ्यावर मोकळं वाटत असतं, आणि तोच तराफा जिमला उलट्या दिशेनं नेत असतो. पुढं दोन भामटे तराफ्यावर चढतात, एक स्वतःला राजा म्हणवतो, दुसरा ड्यूक, आणि त्यांच्यामुळं जिम विकलाही जातो. प्रवाहाच्या हातात असणं हकला परवडतं. जिमला परवडत नाही.

याच पुस्तकात आणखी एक जागा आहे, जिच्याकडं मला आज मुद्दाम लक्ष वेधायचंय. मुक्त राज्य जवळ आलं असं वाटतं तेव्हा जिम मोठ्यानं बेत सांगायला लागतो. कमावीन, एक पैसा उधळणार नाही, बायकोला विकत घेऊन सोडवीन. मग दोघं मिळून राबू आणि दोन लेकरांना सोडवू. मालक विकायला तयार नसेल तर कोणाकडून तरी चोरून आणवू. हे ऐकून हक हादरतो. त्याला वाटतं, बघा, हा आता दुसऱ्याची मालमत्ता चोरायची भाषा करतोय. ती मालमत्ता म्हणजे जिमची स्वतःची लेकरं!

एकाच तराफ्यावर सुटकेच्या दोन कल्पना बसल्या आहेत. हकला कोणी नाही. त्याच्यासाठी सुटणं म्हणजे मागं वळून न बघणं. जिमच्या मागं बायको आहे, पोरं आहेत. तो एकटा सुटला तर त्याची सुटका अर्धीच राहते. हा फरक ओळखायला मला इंग्रजी समीक्षेपेक्षा ज्ञानेश्वरीचा जास्त उपयोग झाला. त्याकडं येतोच, पण त्याआधी मराठी वाचकाच्या घरातला एक तराफा बघू.

तो तराफा 'पॅपिलॉन'चा. हेन्री शॅरियरचं हे फ्रेंच पुस्तक १९६९ चं, आणि रवींद्र गुर्जर यांच्या अनुवादामुळं ते मराठी घराघरांत गेलं. तालुक्याच्या वाचनालयांत या पुस्तकाची प्रत बहुधा पुठ्ठा निखळलेली, पानं दुमडलेली असते. समीक्षकाच्या प्रशस्तिपत्रापेक्षा मी त्या निखळलेल्या पुठ्ठ्याला जास्त मान देतो. शेवटची सुटका सगळ्यांना पाठ असते. सैतानाचं बेट, खाली आपटणाऱ्या लाटा, आणि नारळ भरलेली पोती. त्या पोत्यांच्या तराफ्यावर पॅपिलॉन समुद्रात उडी घेतो. सगळं त्याच्याच आयुष्यात घडलं का, यावर पुढं बरीच शंका घेतली गेली. वाचकांना त्यानं फरक पडला नाही. का पडला नाही? मला वाटतं, नोकरी, कर्ज, भाऊबंदकी, कोर्टाच्या तारखा यांत अडकलेल्या माणसाला पोतं बांधून उडी टाकणारा हवा असतो. ते पुस्तक आपल्या वतीनं पळून जातं. रात्री आपण पळतो आणि सकाळी उठून कामाला जातो. यात वाईट काही नाही, साहित्याचं तेही काम आहे. पण पॅपिलॉनबरोबर दुसऱ्या पोत्यावर एक सोबती होता. तो किनाऱ्याजवळ येऊन चिखलात रुतला आणि गेला, आणि तो आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिलाय? सुटकेच्या गोष्टीत आपण सुटलेल्याचंच नाव लक्षात ठेवतो.

आता आपल्या घराकडं वळू. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. नेवाशाला, प्रवरेकाठी सांगितलेली. कवीचं मूळ गाव आपेगाव, गोदावरीच्या काठी, पैठणजवळ. हा कवी पाण्याच्या शेजारी वाढलेला आहे. त्याच्या उपमांमध्ये पोहणाऱ्याचं आणि बुडणाऱ्याचं बारीक निरीक्षण आहे. कास, पेटी, सांगड, उतार, भोवरा हे सगळे शब्द त्याला प्रत्यक्ष माहीत आहेत.

सातव्या अध्यायात मायानदीचं मोठं रूपक येतं. ही नदी तरून जायला माणसं काय काय उपाय करतात याची तिथं जवळजवळ यादीच आहे. त्यात काही जण तीन वेदांची सांगड बांधून उतरतात. म्हणजे त्या काळातला सगळ्यात प्रतिष्ठित तराफा. पण त्यांनी सोबत अहंकाराचे धोंडे घेतलेले असतात, आणि गर्वाचा मासा त्यांना सगळेच्या सगळे गिळतो. वेदांचा तराफा बुडाला असं सांगण्याचं धाडस सातशे वर्षांपूर्वी एका पोरानं केलं. आपण ते इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली धार आपल्याला जाणवत नाही. तराफा किती पवित्र सामानाचा आहे हे पाणी बघत नाही. त्यावर वजन काय ठेवलंय एवढंच ते बघतं.

बाराव्या अध्यायात दुसरं चित्र येतं. इथं देव बोलतोय. जन्ममरणाच्या लाटांत माझी माणसं गटांगळ्या खातायत, घाबरतील, म्हणून मी त्यांच्या गावाला धावत आलो, असा एकूण सूर आहे. नामाच्या हजारो नावा त्यानं सज्ज केल्या. मग प्रत्येकाला कसं पलीकडं नेलं ते तो सांगतो. जे सडे होते, म्हणजे एकटे, ज्यांच्यामागं कोणी नाही, त्यांना ध्यानाच्या कासेला लावलं. पट्टीच्या पोहणाऱ्याची कास धरून जसं पोहतात, तसं. आणि जे परिग्रही होते, म्हणजे संसारी, लेकुरवाळे, त्यांना तरंगत्या साधनावर चढवलं. मूळ शब्दाला नाव म्हणा, तराफा म्हणा, मुद्दा इतकाच की त्यांना पोहायला लावलं नाही. काहींच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधली. आणि शेवटी तर भक्तांच्या नावावर चार पायांच्या जनावरांनाही वैकुंठाच्या योग्यतेचं केलं.

ही माझ्या मते तराफ्याबद्दलची मराठीतली सगळ्यात मोठी कल्पना आहे. सडा माणूस पोहून जाऊ शकतो. ज्याच्या काखेत लेकरू आहे, पाठीवर म्हातारी आई आहे, दावणीला बैल आहे, त्याला पोहता येत नाही. पोहता येत नाही तो त्याचा दोष नाही. तो कोणाला तरी धरून आहे, हात मोकळे नाहीत, म्हणून येत नाही. त्याच्यासाठी तराफा. एकट्यानं सुटण्याच्या कलेला इथं कमी लेखलेलं नाही, कासेला लागलेलेही पोचतातच. पण तराफा राखून ठेवलाय तो ओझं असलेल्यांसाठी.

आता हकलबेरी फिन पुन्हा डोळ्यांपुढं आणा. हक हा सडा आहे. जिम परिग्रही आहे. ट्वेनला ज्ञानेश्वर माहीत असण्याचं कारण नाही, पण त्याच्या तराफ्यावरचा पेच या दोन शब्दांनी जितका स्वच्छ उलगडतो तितका दुसऱ्या कशानं उलगडत नाही.

चरित्रावरून काव्याचा अर्थ लावू नये हे समीक्षेचं पथ्य आहे आणि ते बरंच आहे. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संसार सोडून काशीला गेले, संन्यास घेतला, आणि गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं, असं परंपरा सांगते. त्या परतण्याची शिक्षा म्हणून कुटुंब वाळीत पडलं, आणि शेवटी आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त म्हणून पाण्यातच जीव दिला, असंही परंपरा सांगते. एकट्यानं पलीकडं निघालेला बाप, काठावर राहिलेली आई, आणि मग दोघांनाही न तारणारं पाणी. ज्या घराची ही कथा सांगितली जाते त्या घरातल्या मुलाच्या ग्रंथात देव लेकुरवाळ्यांना तराफ्यावर चढवतो. मी यापुढं काही म्हणत नाही.

शब्दाकडंही एकदा बघू. 'सांगड' म्हणजे मुळात भोपळे, ओंडके किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून केलेलं तरंगण्याचं साधन. गावाकडं पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा किंवा डबा बांधत, तो त्याच घराण्यातला. आज सांगड पाण्यात कोणी घालत नाही. पण बोलताना आपण घालतो. शेतीची आणि धंद्याची सांगड, जुन्याची आणि नव्याची सांगड. पुढाऱ्यांच्या भाषणात तर दर पाच मिनिटांनी असते! मराठीनं तराफ्याचं नाव जपलं ते 'जोडणं' या अर्थानं. पळून जाणं हा अर्थ त्याला कधी चिकटला नाही. दुसऱ्या एखाद्या समाजानं तराफ्यात मोकळी नदी पाहिली असेल. आपल्या भाषेनं दोरीची गाठ पाहिली.

गाठ किती महत्त्वाची असते याचं एक भीषण उदाहरण फ्रान्सच्या इतिहासात आहे. १८१६ मध्ये 'मेदूझा' नावाचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. होड्या पुरेशा नव्हत्या. अधिकारी आणि बडे लोक होड्यांत बसले, आणि सुमारे दीडशे सामान्य माणसांसाठी जहाजाच्या लाकडांचा एक मोठा तराफा बांधला. होड्यांनी तो दोरांनी ओढत न्यायचा असं ठरलं होतं. थोड्याच वेळात होड्यांकडून दोर सुटले. तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा त्यावर पंधरा माणसं जिवंत होती. वाचलेल्यांपैकी दोघांनी पुस्तक लिहिलं, जेरिकोनं त्यावर प्रचंड चित्र काढलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दोर शाबूत असता तर तो तराफा पोचला असता.

इथं मला आपल्याच परंपरेला एक प्रश्न विचारायचाय, नाहीतर हे व्याख्यान नुसतं गौरवगान होईल. देवाच्या तराफ्यावर सगळ्यांना जागा, जनावरांनाही जागा, हे बाराशे नव्वदला सांगून झालं. मग चोखोबा पायरीपाशी का? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते गाडले गेले असं सांगतात, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. मध्ये साडेसहाशे वर्षं गेली. पैलतीरावर सगळे एकत्र पोचणार, हे ऐलतीरावरच्या लोकांनी फार आनंदानं मान्य केलं, कारण त्यात ऐलतीरावर काही बदलावं लागत नव्हतं. रूपकाचा हा धोका असतो. तराफा ओवीत इतका सुंदर तरंगतो की घाटावर कोणाला चढू देत नाहीत ते दिसेनासं होतं.

म्हणूनच मराठवाड्यात तराफ्याबद्दल बोलताना बुद्धाचा तराफा सोडून चालत नाही. मज्झिमनिकायात ही गोष्ट आहे. एक माणूस प्रवासात एका मोठ्या पाण्याशी येतो. अलीकडचा काठ भयाचा, पलीकडचा सुरक्षित. पूल नाही, नाव नाही. तो गवत, काटक्या, फांद्या, पानं गोळा करतो, तराफा बांधतो आणि हातापायांनी वल्हवत पलीकडं जातो. पालीत तराफ्याला 'कुल्ल' म्हणतात. पलीकडं गेल्यावर त्यानं काय करावं? या तराफ्यानं माझ्यावर उपकार केले म्हणून तो डोक्यावर घेऊन चालत राहावं का? बुद्ध म्हणतो, नाही. ठेवून द्यावा आणि पुढं जावं. माझा धम्मही असाच तरण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही.

या गोष्टीत देव नाही, नावाडी नाही. माणूस स्वतः काटक्या गोळा करतो. वेदांच्या सांगडीवर धोंडे ठेवून बुडणारे ज्ञानेश्वरांनी दाखवले, आणि तराफा डोक्यावर घेऊन चालणारा बुद्धानं दाखवला. दोघांचा मार्ग वेगळा, काळात दीड हजार वर्षांहून जास्त अंतर, पण इशारा जवळचा आहे. सुटकेचं साधनच ओझं होऊ शकतं. ग्रंथ, झेंडा, पुतळा, जयंतीची मिरवणूक, आपापल्या जातीचा महापुरुष, यांतलं काय आपण तरण्यासाठी वापरतो आणि काय नुसतं डोक्यावर घेऊन चालतो, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

आता आपल्या जिल्ह्यातलं पुस्तक. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. या पुस्तकात नदीवरचा तराफा नाही. तरीही माझ्या विषयातलं हे मराठीतलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक आहे असं मी म्हणेन. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्यांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या समाजातला एक पोरगा शाळेत जातो. बाप त्याला शाळेत घालतो. इथं शाळा हाच तराफा आहे, हाताला लागेल त्या काटक्यांचा. आणि पहिली अडचण येते ती काठावरच्या आपल्याच माणसांची. वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी लागते तेव्हा लोक म्हणतात, हा शाळेत जातो म्हणून झालं. शहरी वाचकाला हे अडाणीपणाचं वाटतं. जरा त्यांच्या जागेवरून बघा. त्यांना कुठंतरी कळत असतं की हा पोरगा आता आपल्यातून जाणार. तराफा एकाचा आहे, आणि काठावर सगळी वस्ती आहे.

गायकवाड पुढं लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागले, कामगारांच्या लढ्यात पडले, भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत गेले. म्हणजे पलीकडं पोचलेला माणूस दोर घेऊन परत आला. 'उचल्या' हे आत्मकथन म्हणून वाचलं जातं, पण त्यातला 'मी' सतत 'आम्ही'कडं ओढला जातो, आणि पुस्तकाची सगळी ताकद त्या ओढीत आहे. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ही पुस्तकं कलाकृती कमी आणि समाजाची हकीकत जास्त आहेत. मला हा आक्षेप सडा माणूस घेतो असं वाटतं. ज्याला आपली गोष्ट एकट्याची म्हणून सांगता येते त्याला परिग्रही माणसाची वाक्यरचना समजत नाही. जिमला जर आत्मचरित्र लिहायला दिलं असतं, तर त्यातही बायको आणि लेकरांचा हिशेबच पानोपानी आला असता.

हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. आपण लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात बसलो आहोत. दहावी झाली की पोरगं लातूरला, बारावी झाली की पुण्याला, मग बंगळूर, मग जमलं तर आणखी लांब. बापानं दोन एकर विकून बांधलेला हा तराफा आहे, आणि त्यावर एकालाच जागा असते. पोरगं पोचतं, त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. शहरात जाऊन लिहू लागलेली आपली मुलं गावावर कविता लिहितात तेव्हा त्यांत आठवण असते, माया असते, कधी कधी अपराधाची भावना असते. आठवण म्हणजे दोर नव्हे. गावाकडं वळून बघणारी कविता आणि गावाशी बांधलेली कविता यांतला फरक ओळखणं हे आजच्या मराठी समीक्षेचं एक मोठं काम आहे असं मला वाटतं.

शेवटाकडं येताना रूपक बाजूला ठेवून एक खराखुरा तराफा सांगतो. गंगापूर तालुक्यात भिव धानोरा नावाचं गाव आहे, जायकवाडीच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून. २०२२ मध्ये बातमी आली की तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून ते पाणी ओलांडतात आणि शाळेला जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. जायकवाडीचं धरण पुरं होऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती. त्या पाण्यावर कारखाने चालले, शहरं वाढली, ऊस पिकला. आणि पाण्याकाठच्या लेकरांच्या वाट्याला थर्माकोल आलं.

वर्तमानपत्रांत अशा फोटोखाली जिद्द, ध्येयवेडी मुलं असे मथळे येतात. आपण साहित्यवाले तर आणखी पुढं जाऊ, त्यात सुटकेचं प्रतीक शोधू. माझी विनंती आहे की तिथं प्रतीक शोधू नये. तिथं पूल पाहिजे. बुद्धाच्या गोष्टीतला माणूसही तराफा बांधतो त्याचं कारण गोष्टीतच दिलंय, पूल नव्हता, नाव नव्हती. तराफा हा नेहमी कशाच्या तरी अभावी असतो. त्याचं सौंदर्य सांगणाऱ्यानं तो अभावही सांगितला पाहिजे, नाहीतर आपली समीक्षा काठावर बसून टाळ्या वाजवणारी होते.

तेव्हा यापुढं एखाद्या पुस्तकात, सिनेमात, कीर्तनात तराफा आला, तर तीन गोष्टी बघा. तो कशाचा आणि कोणी बांधलाय. त्यावर कोण आहे आणि काठावर कोण राहिलंय. आणि पलीकडं गेल्यावर त्याचं काय केलं, डोक्यावर घेतला, टाकून दिला, की दोर लावून पुढच्या खेपेसाठी परत पाठवला. हकचा तराफा आगबोटीच्या धडकेत सापडतो, पुन्हा सापडतो, पण जिमच्या बायको-लेकरांपर्यंत तो शेवटपर्यंत जात नाही. पॅपिलॉनची पोती त्याला एकट्यालाच किनाऱ्याला लावतात. 'उचल्या'तला माणूस परत येतो.

आपल्या वाडवडलांनी तराफ्याला सांगड हे नाव ठेवलं होतं. सुटायचं असेल तर आधी कोणाशी तरी बांधून घ्यावं लागतं, हे त्या शब्दात त्यांनी आपल्यासाठी ठेवलंय. पाणी नसलेल्या मुलखातही तो शब्द रोज वापरात आहे. त्याचा जुना अर्थ आठवून वापरूया, एवढंच सांगून थांबतो.  आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.